मल्लूअप्पांचं ऊन

मल्लूअप्पा गेल्याचं बसूने, म्हणजे त्यांच्या मुलाने, फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अरे, सकाळीच तर भांडलो आम्ही." माणूस गेल्याची बातमी ऐकून कुणी असं बोलत नाही हे मला कळतं. बसूला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. तो म्हणाला, "व्हय सर, जाताना सांगत व्हते की, आज सरांचा आवाज बसलाय म्हणून." भांडण नेहमीचंच होतं. मे महिना, सकाळची वेळ, पेपरच्या पहिल्या पानावर उष्णतेच्या लाटेचा इशारा, आणि अप्पांचा फोन. "एन्री सर, काय लिहिलंय आज?" एन्री म्हणजे कन्नडमध्ये 'काय हो'. माझ्याशी बोलताना त्यांचं कन्नड तेवढ्या एका शब्दापुरतंच असायचं. मी म्हणालो, दुपारी घराबाहेर पडू नका असं लिहिलंय. ते म्हणाले, "लाट समुद्राला असती. सोलापुरात कुटली आली लाट? मी मैंदर्गीला निघालोय. आज अव्वाची तिथी हाय." अव्वा म्हणजे त्यांची आई. गावाकडच्या शेतात तिची समाधी आहे. मी म्हणालो, मग संध्याकाळी जा. "अव्वा काय संध्याकाळी राबायची व्हय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. भर दुपारी समाधीला फूल वाहून ते एसटीने परत आले, तांब्याभर पाणी प्यायले, आडवे झाले... आणि उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं.

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला बसवून नेतात. दुसऱ्या दिवशी मी रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, पोचलो तर कपाळाला विभूती आणि गळ्यात हार घातलेले अप्पा ताठ बसले होते, व्यासपीठावर बसायचे अगदी तसेच. डोळे मिटलेले. माझं भाषण चालू असताना ते असेच डोळे मिटून बसत. लोकांना वाटे अप्पांना डुलकी लागली, पण माझा प्रत्येक मुद्दा त्यांच्या कानात चाललेला असे आणि उभे राहिले की ते एकेकाची साल काढत. मला वेडी आशा वाटली, की आता कुणी अध्यक्ष म्हणेल, 'यानंतर विरोधी बाजू', आणि हे उपरणं सावरून उठतील. कुणी काही म्हणालं नाही. मैंदर्गीकडचे पाहुणे आपसात कन्नडमध्ये हळू आवाजात बोलत होते. घरचे सोडले तर त्या गर्दीत माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, आणि त्यालाच सगळे घेऊन आले होते.

आमची ओळख त्यांच्या दुकानात झाली. बाळीवेशीत त्यांचं कूलरचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. एप्रिलमधल्या एका दुपारी घामाघूम होऊन मी आणि आमची ही कूलर घ्यायला गेलो. मास्तर माणूस, तोंड गप्प बसत नाही. कूलरची जाळी बघता बघता मी हिला समजावून सांगू लागलो, की जगाचं तापमान कसं वाढतंय, कोळसा आणि पेट्रोल जाळून आपण हवेत काय काय सोडतोय, आणि पुढे कसे दिवस येणार आहेत. गल्ल्यावर बसलेला माणूस म्हणाला, "काय बी वाढलेलं न्हाय. ऊन तेच हाय. तुमी मऊ झालाय." मी थक्क झालो. ज्याचा धंदा उन्हावर चालतो त्याने मान डोलवायची, आणखी दोन भयंकर गोष्टी सांगायच्या आणि मोठा कूलर गळ्यात मारायचा. हा गृहस्थ मला सांगत होता, की रात्री अंगणात पाणी मारा, ओलं पोतं खिडकीला लावा, दोन उन्हाळ्यांत अंग सरावतं. शेवटी हीच वैतागली आणि म्हणाली, "अहो, विकायचाय की नाही तुम्हाला?" ते हसले. "विकतोय की वहिनी. पण सरांनी पाप माज्या माथी मारू नये. मी ऊन विकत न्हाय, वारा विकतोय." कूलर आला. पण मी घरी आल्यावर जेवणसुद्धा धड केलं नाही, त्या माणसाला काय उत्तर द्यायला हवं होतं हेच मनात घोळत राहिलं.

उत्तर द्यायची संधी गणपतीत मिळाली. आमच्या विजापूर रोडवरच्या कॉलनीत गणपती मंडळ दरवर्षी एक परिसंवाद ठेवायचं. त्या वर्षी विषय होता, 'जागतिक तापमानवाढ : खरी की थोतांड?' खरी म्हणणारा मी. थोतांड म्हणायला ज्यांना बोलावलं होतं त्या प्राध्यापकांचा ऐनवेळी निरोप आला, की घसा बसलाय. मंडळाचे अध्यक्ष रडकुंडीला आले. मी म्हणालो, माणूस आहे माझ्याकडे, पण तो शिकलेला नाही आणि भाषण कधी केलेलं नाही. अप्पा आले ते दुकान बंद करून, धुतलेला सदरा, धोतर आणि खांद्यावर उपरणं अशा थाटात. मी तक्ते लावून, आलेख काढून सगळं नीट समजावलं. त्यांनी माइक दोन्ही हातांत धरला आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या वासराची गोष्ट काढली. सोलापूरबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, विड्याची पानं ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत राहतं, त्यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. अप्पा म्हणाले, "आमचं वासरू एका वर्साचं सांगतंय, तरी तुमी त्याला हसता. सरांचे शास्त्रज्ञ शंबर वर्सांचं सांगत्यात, त्यांना टाळ्या देता. वासराला निदान उपाशी तरी ठेवत्यात!" मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. अध्यक्षांनी शेवटी हात वर करायला सांगितले. माझ्या बाजूला पहिल्या दोन ओळींतले हात वर झाले, त्यात अर्धे माझ्याच शाळेतले शिक्षक. बाकी सगळा मांडव अप्पांचा.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या मांडवात बसलेल्या कुणीतरी आम्हाला त्यांच्या शाळेत बोलावलं, तिथून ज्येष्ठ नागरिकांनी, तिथून महिला मंडळाने, आणि बघता बघता आमची जोडी जमली. गावोगाव जसे कीर्तनकार ठरवतात तसं लोक आम्हाला ठरवायला लागले. अक्कलकोट, मोहोळ, अकलूज, उजनीच्या पाण्याकाठची गावं. एसटीने जायचं, एसटीने यायचं. जाताना मी खिडकीशी बसून मुद्दे जुळवायचो आणि अप्पा शेंगदाण्याची चटणी लावलेली कडक भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायचे. त्यांनी कधी तयारी केली नाही. मी व्यासपीठावर म्हणायचो, एका चाचणीवरून पोरगं हुशार की ढ हे ठरत नाही, वर्षानुवर्षांची प्रगती बघावी लागते, तसं एका दिवसाच्या थंडीवरून किंवा उन्हावरून हवामान ठरत नाही. ते उठून विचारायचे, "मग सर, आज ऊन जास्त म्हणून मला सकाळी सकाळी फोन का करत असता?" लोक हसायचे, आणि मीही. गावात झाडं तोडली, सिमेंटचे रस्ते केले म्हणून शहर तापलं, त्याला जग काय करणार, असं ते म्हणायचे. दहा दिवसांनंतरचा पाऊस धड सांगता येत नाही, असं म्हणायचे. मी प्रत्येक गोष्टीला उत्तर देत असे आणि माझी उत्तरं बरोबर असत. आजही आहेत. पण बरोबर उत्तराला टाळ्या पडत नाहीत. हात वर करायची वेळ आली की मी मान खाली घालून चष्मा पुसायला घ्यायचो, आणि ते परतीच्या एसटीत मला चिडवायचे, "सर, आज तुमचं घर चार हातांनी राखलं."

मला सगळा मांडव जिंकायचा नव्हता, हे माझं मला हळूहळू कळलं. मला या एका माणसाकडून ऐकायचं होतं. लोक काय, ज्याचं भाषण शेवटी त्याला टाळ्या देतात. अप्पा तसे नव्हते. ते माझं बोलणं मन लावून ऐकायचे, आणि ऐकूनही त्यांना पटत नव्हतं. हे मला फार लागायचं. वर्गातला एखादा पोरगा सगळं ऐकतो, सगळं कळतं त्याला, आणि पेपरात मुद्दाम उलटं लिहितो, तर मास्तराला कसं वाटेल? हिला मी म्हणायचो, "हा माणूस एकदा 'सर, तुमचं खरं आहे' म्हणाला ना, की मी सुटलो." ही म्हणायची, "आणि मग गुरुवारी कुणाशी भांडणार?" गुरुवारी बाळीवेशीतलं दुकान बंद असे आणि अप्पा आमच्याकडे ताक प्यायला येत. भर दुपारी, छत्री न घेता, चालत.

उजनीच्या काठच्या एका गावाहून परत येत होतो तेव्हाची गोष्ट. शाळेत कार्यक्रम झाला होता. बाहेर पाण्याच्या कडेने मोटारींच्या पाइपांचं जाळं, पलीकडे ऊस आणि केळी, आणि इकडे आम्ही तापमानावर भांडतोय. त्या दिवशी मी जरा जोरात बोललो होतो. तुमच्या पोराबाळांना याची किंमत मोजावी लागेल, असं काहीतरी. एसटीत अप्पा टेंभुर्णी मागे गेल्यावर म्हणाले, "सर, बहात्तरला तुमी कुटं व्हता?" मी म्हणालो, पुण्यात, शिकत होतो. ते म्हणाले, "मी मैंदर्गीला. दुष्काळात रस्त्याचं काम निघालं. अव्वा खडी फोडायला जायची. मी बरोबर. लिंबाखाली बसवायची मला. लिंबाला पानं कुटली, नुसत्या काड्या. डोक्यावर ओलं फडकं टाकायची, ते बसल्या जागी वाळायचं. सांजच्याला मला कडेवर घ्यायची तर तिच्या पदराचा चटका बसायचा मला..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमी येवढ्या लोकांपुढं उभं राहून सांगता, आत्ताचं ऊन जास्त हाय. मग माज्या अव्वाचं ऊन कमी व्हतं काय ओ?"

मी म्हणालो, अप्पा, तसं नाही. आपण एका गावाचं, एका वर्षाचं बोलत नाही. सगळ्या पृथ्वीची सरासरी असते. ते म्हणाले, "असू दे. पण तिनं जे ऊन सोसलं त्याला मी कमी म्हणणार न्हाय. कुणीबी सांगू दे." मला हे उत्तर देता आलं असतं, की तिचं ऊन कमी ठरवायची गरजच नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. नंतर मी हे त्यांना अनेकदा सांगितलंही. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुमाला सरासरी दिसती, मला अव्वा दिसती." पण त्या दिवशी मोहोळला गाडी थांबली, त्यांनी खाली उतरून दोन कप चहा आणला आणि आम्ही दुसरंच काहीतरी बोलत सोलापूरला आलो. त्यानंतर व्यासपीठावर मी कधी बहात्तर सालाचं नाव घेतलं नाही. त्यांनीही घेतलं नाही. वासराच्या गोष्टीने काम भागत असताना ते आईला मांडवात आणणाऱ्यांपैकी नव्हते.

पुढे दिवस बदलले. उन्हाळे असे येऊ लागले, की हात आपोआप माझ्या बाजूला वर होऊ लागले. गारपिटीने द्राक्षं झोडपली, अवकाळी पावसाने काढलेली ज्वारी काळी पडली, आणि अप्पांच्या विनोदांवर हसणारी माणसं जरा उशिरा हसू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे हात माझ्या आलेखांनी वर झाले नव्हते, लोकांना बसलेल्या तडाख्यांनी वर झाले होते. आणि दुसरीकडे अप्पांच्या बाजूला नवीनच मंडळी येऊन बसली. अकलूजला एका कार्यक्रमात एक तरुण मोबाइल हातात घेऊन उठला आणि म्हणाला, की हे सगळं परदेशी लोकांनी रचलेलं आहे, आपली प्रगती थांबवायला, आणि भूगोलाच्या सरांसारखी माणसं त्यांना विकली गेली आहेत. अप्पा उठले ते माइक न घेताच. "ए, खाली बस. हे तुला कुणी सांगितलं? मोबाइलनं? सरांचं चुकतंय म्हणून मी सांगतोय, ते विकलेत असं म्हटलास तर बघ. माजी बाजू माज्यापाशी राहू दे. तुज्यासारख्यांचा हात मला नको." सभा तिथेच फिसकटली. परतताना ते इतके चिडलेले होते, की भाकरीही काढली नाही. मी त्यांना म्हणालो, "अप्पा, बघा, तुमच्या बाजूला आता कोण कोण आहे ते." ते म्हणाले, "माज्या बाजूला कुणीच न्हाय सर. पयल्यापासनं न्हाय."

बोलावणी कमी कमी होत बंद पडली. एक मुख्याध्यापक म्हणाले, सर, यात आता वाद काय राहिलाय? दुसरे म्हणाले, नको, उगाच राजकारण होतं, पालक तक्रार करतात. एकाच प्रश्नावर दोन माणसांकडून ही दोन उत्तरं मिळतात असा हा काळ आहे. त्याच सुमारास आमची ही गेली. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मुलगा परत बंगळुरूला गेला, आणि घरात कूलरचा तेवढा आवाज राहिला. अप्पा गुरुवारऐवजी रोज यायला लागले. सांत्वनाचा एक शब्द बोलले नाहीत. आले की पेपर उघडायचे, कुठे बर्फ पडल्याची बातमी असेल तर ती मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "सांगा आता, बर्फ पडतोय. कुटं गेली तुमची गर्मी?" मी उसळायचो. बोलता बोलता माझा चहा व्हायचा, आंघोळ व्हायची, जेवण व्हायचं. माझ्या पुतण्याला वाटायचं, हा माणूस काकांना छळतो. त्याला मी काय सांगणार? त्या वर्षी मला उठवून उभं करणारं दुसरं काही नव्हतं.

आता ते गेल्यावर पर्यावरण दिनाला आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने मला बोलायला बोलावलं. चिटणीस म्हणाले, "सर, या खेपेला एकच बाजू. वेळही वाचेल." मी बोललो. कुणी आडवं बोललं नाही. समोर सगळी पिकली डोकी डुलत होती, सगळ्यांना सगळं मान्य होतं. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी गच्चीवर पांढरा रंग लावावा का असं विचारलं. टाळ्या झाल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला. मी आयुष्यभर ज्या सभेची वाट बघितली ती अशी होती, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बोलताना दोनदा मी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून थांबलो. लोकांना वाटलं मला पाणी हवंय. कुणीतरी ग्लास आणून दिला.

त्यानंतर मी अप्पांच्या घरी गेलो. दिवसकार्य होऊन गेलं होतं, तरी शांताक्का, त्यांच्या पत्नी, धड जेवत नाहीत असं बसूने फोनवर सांगितलं होतं. "कुणाशी बोलत न्हाई आई. तुमी या की सर." मी भर दुपारीच पोचलो, कारण त्या घरी जायची माझी वेळ तीच होती. खाली दुकानात कूलरची रांग, त्यातला एकही चालू नव्हता. वरच्या खोलीत स्लॅब तापलेला. कोपऱ्यात अप्पांची बाज, आणि तिच्याकडे पाठ करून शांताक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या पलीकडच्या, कर्नाटकातल्या. मराठी बोलतात, पण मध्येच शब्दासाठी थांबतात. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "सर, तुमी येवढी वर्सं उन्हाचंच बोलत आलाय. ते म्हणायचे, सरांना उन्हाचं सगळं कळतंय, पर मी त्यास्नी सांगणार न्हाय. तुमीच सांगा. ऊन लागलं काय ओ त्यास्नी?"

मी म्हणालो, डॉक्टरांनी हृदय म्हटलंय ना. त्यांनी हात हलवला. "डॉक्टर नंतर आले. मी हितं व्हते. अंग लई तापलेलं. काय तर बडबडत व्हते, अव्वा अव्वा म्हणत व्हते. मला वाटलं तिथी करून आले, आठवण आली असंल. म्हणाले, उठवू नको. मी न्हाय उठवलं. खाली येवढे कूलर, एक लावला न्हाय. लावला असता तर वरडले असते म्हणून न्हाय लावला..." त्या रडत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. सुनेने, बसूने, पाहुण्यांनी सगळ्यांनी त्यांना समजावलं असणार. त्यांचं त्यांना पटलं नव्हतं, कारण ते सगळे त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होते. मी मात्र उन्हाचा माणूस. मी खोटं बोलणार नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती अप्पांनीच करून दिली होती.

तापलेलं अंग आणि बडबड. याचा अर्थ मी शाळेत फळ्यावर लिहून शिकवलेला आहे. माझ्या बाजूचं याहून मोठं प्रमाण मला कुठल्याच मांडवात कुणी दिलं नसतं.

मी म्हणालो, "शांताक्का, उन्हातून आलेल्या माणसाचं अंग तापतंच. आणि ऊन काय नवीन आहे का? बहात्तर साली याहून जास्त ऊन होतं. त्या उन्हात अप्पा लहानाचे मोठे झाले. त्यांना ऊन बाधणारं नव्हतं."

"बहात्तरला जास्त व्हतं?"

"जास्त होतं."

"तुमी तर न्हाई म्हणायचा."

"व्यासपीठावर म्हणायचो. बोलायला काहीतरी लागतं ना माणसाला."

खालून रस्त्यावरचा कुणाचा तरी हॉर्न, पंख्याची घरघर... मग त्यांनी तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "म्हंजे त्यांचंच खरं व्हतं." मी म्हणालो, "हो. त्यांचंच खरं होतं." शांताक्कांनी सुनेला कन्नडमध्ये हाक मारली. तिने ताक आणि भाकरी आणली, माझ्यापुढे ठेवली. शांताक्कांनी त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि दारात उभा असलेला बसू आत न येता तसाच खाली निघून गेला.

मला काय वाटतं ते इथे लिहितो. मला वाटतं, अप्पांना ऊनच लागलं. त्यांना ज्या उन्हाने नेलं ते त्यांच्या अव्वाच्या वेळचं नव्हतं, आमच्या वेळचं होतं, आपण सगळ्यांनी तापवलेलं. अर्थात हे मला सिद्ध करता यायचं नाही. एका माणसाच्या मरणावरून हवामानाचा निष्कर्ष काढायचा नसतो, हे मीच शंभर ठिकाणी सांगितलेलं. अप्पा समोर असते तर त्यांनी माझं हेच वाक्य माझ्या तोंडावर फेकलं असतं, मी चिडलो असतो, संध्याकाळपर्यंत आम्ही भांडलो असतो. एवढी मोठी गोष्ट मनात घेऊन मी त्या घरातून खाली उतरलो आणि ती ज्याला सांगायची तो माणूस नाही. घरी सांगायला ही नाही. फोन उचलला तर करायचा कुणाला? म्हणून तुम्हा वाचकांना सांगतो आहे, तुमची माझी काही ओळख नसताना.

शांताक्का कन्नड शाळेत शिकल्या, मराठी छापलेलं त्या वाचत नाहीत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अप्पा त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, बातम्या, जाहिराती, निधनवार्ता, सगळं, आणि मध्ये मध्ये माझ्या नावाने शेरे मारायचे. आता बसू वाचून दाखवतो. त्याच बाजेवर बसून, त्याच वेळेला. बसू, रविवारची पुरवणी तू आधी स्वतः चाळतोस हे मला माहीत आहे. एवढं पान आईला वाचून दाखवू नकोस.